आट्यांत अडवलेली शाई

रुसैलमध्ये हातानं घडवलेली वस्तू शोधायची तर फार फिरावं लागतं. ही ओमानमधली पहिली औद्योगिक वसाहत, १९८३ सालची. मस्कतचा विमानतळ मागे टाकून निझवाच्या रस्त्याकडे वळलं की उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी शेडांच्या रांगा सुरू होतात. इथला माल साच्यातून निघतो, पट्ट्यावरून सरकतो, खोक्यांत भरतो आणि ट्रकनं रवाना होतो. मी इथल्या एका कारखान्यात बाटल्यांच्या प्लास्टिक झाकणांची तपासणी करते. झाकण बाटलीवर ठरलेल्या जोरानं आवळायचं, बाटली उलटी ठेवायची आणि गळते का ते बघायचं. आट्यांवरच माझं पोट चालतं म्हणा ना.

‘यंदाचा विषय हाताचं काम, तुमच्या भागातलं काहीतरी पाहून लिहा,’ असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा तसली एक वस्तू माझ्या टेबलावरच होती. पुण्याला लेथवर केलेलं ॲक्रिलिकचं शाईपेन. फिकट मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं, बोटभर जाड. आत कार्ट्रिज नाही, रबरी पिशवी नाही, शाई ओढून घेणारा दट्ट्या नाही. पुढचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरनं पोटात थेट शाई सोडायची आणि परत आवळायचं. आपल्या आजोबा-पणजोबांची पेनं अशीच होती. फरक एवढाच, की ती काळ्या एबोनाइटची असत आणि शाई किती उरली ते उजेडात धरूनही कळत नसे.

हे पेन ओमानच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं चालतं, खिशात गळत नाही. साध्या दिसणाऱ्या या गोष्टीमागे किती काम असतं, ते पाहायला मी सुट्टीत पुण्याला एका लेथवाल्या काकांकडे जाऊन उभी राहिले.

पोटात काय असतं

पेनाचे भाग मोजके. शाई धरणारी पोकळ नळी म्हणजे पोट. बोटांनी धरायचा पुढचा तुकडा, त्याला कारागीर सेक्शन म्हणतात. सेक्शनच्या भोकात दाबून बसवलेली निब, आणि निबेच्या पोटाला चिकटून असलेली काळी जिभली. वर टोपण. माझ्या पेनाच्या पोटात साडेतीन मिलिलिटर शाई मावते. बाजारात मिळणाऱ्या छोट्या कार्ट्रिजमध्ये ती जेमतेम पाऊण मिली असते. म्हणजे एकदा भरलं की कित्येक दिवस शाईची आठवण होत नाही.

शाई आपोआप का सांडत नाही, याचं उत्तर जिभलीत आहे. तिच्या पाठीवर निबेच्या चिरेखाली एक-दोन बारीक चर कापलेले असतात. शाई त्या चरांतून केशाकर्षणानं पुढे येते, आणि जेवढी शाई कागदावर उतरते तेवढी हवा उलट वाटेनं पोटात शिरते. हवा आत गेली नाही तर पेन चालता चालता अडतं. वाजवीपेक्षा जास्त गेली तर ठिपके टाकतं. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं १८८४ साली पेटंट घेतलं ते याच शाई-हवेच्या देवघेवीचं, आणि शाईपेन भरवशाचं झालं ते तेव्हापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगातली बहुतेक पेनं ड्रॉपरनंच भरली जात. मग रबरी पिशवी, तरफ, दट्ट्या अशा सोयी आल्या आणि परदेशात ही पद्धत मागे पडली. आपल्याकडे ती टिकली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. रबरी पिशवी आपल्या दमट उकाड्यात चिकट होऊन फाटते, आणि ती बदलून देणारा माणूस गावोगाव कुठून आणणार? ज्या पेनात पिशवीच नाही, त्यात फाटण्यासारखं काही नसतं.

पेन ॲक्रिलिकचं असलं तरी चांगले कारागीर जिभली एबोनाइटचीच लावतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. शाई त्यावर पसरते, धरून राहते. गुळगुळीत प्लास्टिकवर ती थेंबाथेंबानं सुटी होते. उलट शाई साठवायच्या नळीला ॲक्रिलिक बरं. आतलं दिसतं, धुतलं की स्वच्छ होतं, आणि उन्हानं त्याचा रंग जात नाही. एबोनाइट ऊन आणि प्रकाश खाऊन काळ्याचं मातकट हिरवट होत जातं. इथल्या उन्हात तर ते फारच लवकर विटतं.

पंचेचाळीस अंशांत

ड्रॉपरच्या पेनाचा खरा शत्रू त्याच्या पोटातली हवा. शाई संपत येते तशी हवेची जागा वाढते, आणि हवा तापली की फुगते. फुगलेल्या हवेला बाहेर पडायला एकच वाट, ती निबेकडची, आणि त्या वाटेवर शाई उभी असते.

हिशेब सोपा आहे. ऑफिसात एसी २४ अंशांवर, बाहेर मे-जूनमध्ये ४५. समजा पेन बरंचसं रिकामं झालंय आणि पोटात २ मिली हवा आहे. एसीतून बाहेर येऊन पेन पूर्ण तापलं तर ती हवा सात टक्क्यांनी फुगते, म्हणजे जवळजवळ ०.१४ मिली शाई पुढे ढकलते. तीनेक थेंब. जिभलीच्या कंगव्यासारख्या खाचा त्यातला काही भाग सांभाळतात, बाकीचा टोपणात जातो. बंद गाडीत पेन राहिलं आणि आतलं तापमान ६५ पर्यंत चढलं तर आकडा दुप्पट होतो. मग पाच-सहा थेंब टोपणात साचतात, आणि टोपण उघडलं की बोटं निळी.

हेच पेन काठोकाठ भरलेलं असेल तर? हवा अगदी थोडी, तिचं फुगणं अर्ध्या थेंबाच्याही आत. म्हणून इथे ड्रॉपरचं पेन वापरणाऱ्यांचा शिरस्ता असा, की शाई तिसऱ्या हिश्शाला आली की भरून टाकायची, संपायची वाट बघायची नाही. विमानाचंही तेच. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. तेवढ्यानं पोटातली हवा चौथ्या ते तिसऱ्या हिश्शानं फुगते, म्हणजे उन्हापेक्षा कितीतरी जास्त. मस्कत-मुंबई प्रवास छोटा, पण पेन एकतर गच्च भरून न्यावं नाहीतर धुऊन कोरडं. आणि विमान चढत-उतरत असताना निब आकाशाकडे ठेवावी.

जपान्यांनी यावर एक सुंदर तोड काढली आहे. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या ड्रॉपर पेनात पोटातून एक बारीक दांडी जाते. मागचं टोक आवळलं की दांडीचं तोंड सेक्शनच्या भोकावर बसतं आणि शाईची वाटच बंद होते. लिहायला बसताना टोक थोडं सैल करायचं. आपल्याकडच्या साध्या पेनात तशी झडप सहसा नसते. तिथे सगळी मदार आट्यांवर.

लेथवर

काकांची शेड भोसरीत एका गल्लीच्या टोकाला आहे. हयात कारखान्यांत टर्नर म्हणून गेली. आता एक जुनी लेथ, एक ड्रिल मशीन आणि पॉलिशची मोटर एवढ्या बळावर ते हौशी लोकांची पेनं करतात. नाव छापायचं नाही ही त्यांची पहिली अट. ‘ताई, आहे तीच कामं वेळेवर होत नाहीत माझ्यानं.’

ॲक्रिलिकची दांडी निवडण्यापासूनच त्यांची बारकाई सुरू होते. दांड्या दोन प्रकारच्या असतात. एक ओतून केलेली, दुसरी यंत्रातून ओढून काढलेली. ओढलेली स्वस्त पडते, पण तिच्या अंगात ताण राहिलेला असतो. ‘हत्याराला चिकटते. आणि समजा झालं पेन नीट, तर वर्षानं आट्याजवळ केसासारखी चीर दाखवते.’ काका ओतलेलीच घेतात. घडवून झाल्यावरही सगळे भाग साध्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास ठेवून हळूहळू निवू देतात, म्हणजे कापताना आलेला ताण निघून जातो.

दांडी चकमध्ये धरली, लेथ सुरू झाली, आणि काकांनी आधी बाहेरून नुसता हात फिरवावा इतका हलका कट घेतला. मग बोअर. इथे घाई केली की संपलंच. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की मऊ पडतं, आणि ड्रिलच्या टोकाशी तेवढी उष्णता निर्माण व्हायला काही क्षण पुरतात. काका ड्रिल थोडं आत घालत, लगेच बाहेर काढत, चुरा ब्रशनं झाडत, साबणाचं पाणी सोडत, पुन्हा आत. माझ्याशी बोलत होते, पण कान लेथकडे. मधेच बोलणं तोडून त्यांनी ड्रिल मागे घेतलं. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. ‘आवाज जड झाला,’ म्हणाले. ड्रिलच्या चरात ॲक्रिलिकचा लगदा नुकताच धरायला लागला होता.

बोअर झालेली नळी आतून पांढुरकी दिसते, वाफ धरलेल्या काचेची कळा येते तिला. आरपार पेन हवं तर ही आतली भिंत घासून पारदर्शक करावी लागते, आणि पेनाच्या किमतीचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या घासकामात जातो. काडीला ओला पॉलिश पेपर गुंडाळायचा. आधी ४०० नंबरचा, मग ६००, १०००, २०००. प्रत्येक नंबर बदलताना नळी धुऊन उजेडात धरायची. आधीच्या कागदाचा एक ओरखडा जरी राहिला तरी पुढचा कागद लावायचा नाही. शेवटी कापसावर पेस्ट. काका हे सगळं लेथ हळू फिरवून करत होते. त्यांच्या अंगठ्याचं नख पॉलिशनं काळं पडून तसंच राहिलं आहे.

आणि मग आटे. टोपणाचे आटे तीन तोंडांचे पाडतात, म्हणजे एकाच जागी तीन आटे सुरू होऊन एकमेकांशेजारून चालतात. त्यामुळे टोपण दीड फेऱ्यात निघतं आणि तरी धरून राहतं. सेक्शनचे आटे मात्र एकेरी, बारीक आणि लांब. शाईला बाहेर यायचं तर तिला या आट्यांतून गोल गोल फिरत यावं लागतं. वाट जितकी लांब आणि अरुंद, तितकी ती अडून राहते. वर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला की काम झालं. बरेच जण आता तिथे रबरी ओ-रिंग घालतात. काका घालत नाहीत. आटे नीट असतील तर तिची गरज नाही आणि आटे वाईट असतील तर ती फार दिवस वाचवत नाही, असं त्यांचं मत. ते मला पटलं.

त्यांनी नळीतले आटे आधी पाडले. मग सेक्शनवरचे आटे मुद्दाम किंचित घट्ट ठेवले आणि तीच नळी पुन्हा पुन्हा लावून बघत केसभर केसभर कमी केले. नळी अर्ध्यात अडली, मग पाऊण भागात, मग शेवटपर्यंत गेली. शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला एक मऊसा विरोध लागला. तो त्यांनी मला बोटांनी करून बघायला लावला. दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीनं एकच आकडा घातला, कारण हा सेक्शन दुसऱ्या कुठल्याही नळीला असा बसणार नाही.

माझ्या कारखान्यात कुठलंही झाकण कुठल्याही बाटलीला बसलं पाहिजे, तरच ते पास. त्यासाठी दोन्हीकडे थोडी थोडी मोकळीक ठेवावी लागते, आणि ती भरून काढायला झाकणात मऊ चकती लागते. काकांच्या कामात ती मोकळीकच नाही. हातानं केलेल्या पेनाला आपण जे पैसे देतो ते या जुळवणीचे. ॲक्रिलिकची दांडी, निब, क्लिप, सगळं बाजारात मिळतं. हा सेक्शन या नळीत कुठपर्यंत जाऊ द्यायचा हे ठरवणारी बोटं बाजारात मिळत नाहीत. तपासणीच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर हे मी अगदी खात्रीनं लिहिते आहे.

वर्धा, राजमहेंद्री, मुंबई

या कामामागे स्वदेशीचा मोठा इतिहास आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आपण विसरतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी पेन करायचा ध्यास घेतला. त्यांचं पेन ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींपर्यंत पोचलं, आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना पसंतीचं पत्र पाठवलं. विदेशी पेनाला हा चांगला पर्याय दिसतो, असा त्याचा आशय. राजमहेंद्रीत ती पेनं अजून होतात.

पेन देशी, मग शाई? मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स ब्रँड’ नावानं विकायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवायची आणि दौत भरायची. पुढे त्यातून कॅमल शाई आणि कॅमलिन कंपनी उभी राहिली. मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांचे शाळेचे शर्ट याच शाईनं निळे केले. २०११ साली कंपनीची सूत्रं कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली, पण रॉयल ब्लूची बाटली आजही मिळते. माझ्या सामानात दर खेपेला ती असते. शंभर मिलीच्या आतली असल्यानं ती हातातल्या बॅगेतही चालते.

मुंबईच्या एअरमेल कंपनीनं वॅलिटी नावानं ६९ नंबरचं मोठं ड्रॉपर पेन केलं. त्याचा पारदर्शक ॲक्रिलिकचा अवतार, ६९टी, जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. तासून केलेलं, जाड भिंतीचं, दिसायला अगदी साधं. पुण्यात मनोज देशमुख ‘फॉस्फर’ नावानं हातानं पेनं घडवतात. ‘व्हीनस ट्रेडर्स’सारखं दुकान पुण्यात आहे, जिथे जुन्या-नव्या देशी पेनांवर चर्चा करायला माणसं येतात. ॲक्रिलिक हे पेनासाठी काही हलकं द्रव्य नव्हे, हेही इथे सांगायला हवं. १९४१ साली बाजारात आलेलं ‘पार्कर ५१’, ज्याच्यासाठी आपले वडीलधारे जीव टाकत, त्याचं अंग ल्युसाइटचं होतं, म्हणजे ॲक्रिलिकच. चटकन सुकणाऱ्या नव्या शाईपुढे सेल्युलॉइड टिकेना, म्हणून ते निवडलं गेलं.

एक सूचना मात्र सगळ्यांनाच. ॲक्रिलिकचं पेन स्पिरिटनं कधीही पुसू नका. कारखान्यांत, दवाखान्यांत हाताशी स्पिरिट असतं आणि शाईचा डाग दिसला की मोह होतो. ताणाच्या जागी, विशेषतः आट्यांपाशी, जाळीदार चिरा पडतात आणि त्या भरून येत नाहीत. साधं पाणी आणि धीर पुरतो.

निब आणि शिरोरेषा

काका निब स्वतः करत नाहीत. भारतात हातानं पेन करणारे बहुतेक जण निब विकतच घेतात. जर्मनीतल्या बॉक, योवो, किंवा देशी हव्या असतील तर कॅनराइट, अँबिशस. पण आलेली निब तशीच लावली तर पेन रुसतं. काकांनी जिभली क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवली आणि मऊ झाल्यावर निबेला अंगठ्यानं दाबून धरली. थंड झाली तेव्हा दोघींमध्ये केसाचीही फट नव्हती. मग भिंगाखाली निबेची दोन टोकं एका पातळीत आहेत का ते पाहिलं आणि चिरेतून पितळेची पातळ पट्टी फिरवली.

लिहून बघायला त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. सही करू नका म्हणाले. सही सगळ्याच पेनांनी होते. ‘शिरोरेषा ओढा. लांब ओढा.’ देवनागरीत हात सतत डावीकडून उजवीकडे आडवा जातो, आणि कोरडी निब आडव्या रेघेतच पहिली उघडी पडते. मोडी लिहिणारे तर पानभर रेघ आधी ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं हात न उचलता चालवत. बोरूला तिरका काप देऊन जाड-बारीक मिळवत. काकांनी माझ्या निबेचं टोक बारीक दगडावर थोडं सपाट करून दिलं. आता आडवी रेघ बारीक आणि उभा काना किंचित भरीव येतो.

रुसैलमध्ये या पेनाला मर्यादा आहेत. गेटपास, डिलिव्हरी नोट, ज्याच्या खाली कार्बन असतो ते सगळं बॉलपेननंच करावं लागतं, शाईपेनाचा दाब खालच्या प्रतीवर उमटत नाही. हलक्या कागदावर शाई फुटते. पण तपासणीची वही मी याच पेननं लिहिते, आणि शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मुलगी याच पेननं मराठी शुद्धलेखन करते. तिच्या शाळेतली हिंदीची देवनागरी पेन्सिलीनं गिरवून झालेली, त्यामुळे पेन दाबून धरायची सवय. निबेला दाब सहन होत नाही. पहिल्या काही पानांवर निब फाकून रेघा दुहेरी उमटल्या. ‘ळ’ काढताना तिला हात हलका करावाच लागला, नाहीतर दोन्ही गाठी शाईनं भरून जात. आता तिचा ‘ळ’ माझ्यापेक्षा चांगला येतो.

नवं पेन

मुलीसाठी वेगळं पेन सांगायचं म्हणून पुण्याहून निघायच्या आधी पुन्हा भोसरीला गेले. उन्हाचा, एसीचा, गाडीचा सगळा हिशेब काकांपुढे मांडला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि त्यांच्या बाजूनं उत्तर दिलं. बाहेरची जाडी तीच ठेवू, बोअर लहान करू. साडेनऊ मिलिमीटरच्या ऐवजी आठ. लांबी तीच, ५० मिलिमीटर. शाई साडेतीन मिलीवरून अडीचवर येईल, पण पोटात हवाही कमी राहील. भिंत जाड झाली की हाताची ऊब आत पोचायला वेळ लागेल, कारण ॲक्रिलिकमधून उष्णता फार सावकाश जाते. लहान मुठीत पेन सारखं गरम होतं, तिथे याचा उपयोग जास्त.

टोपणाच्या आत आणखी एक छोटं टोपण बसवायचं ठरलं. ते सेक्शनच्या कडेला टेकतं आणि निबेभोवतीची हवा कोंडून ठेवतं, म्हणजे एसीच्या कोरड्या हवेत निब सुकायची नाही. रंग तिनं फोनवरून निवडला, समुद्री हिरवा. काकांकडे त्या रंगाची ओतलेली दांडी नव्हती. ओढलेली होती, ती त्यांनी दाखवलीसुद्धा नाही. दांडी आली की काम धरू म्हणाले. निम्मे पैसे घेतले आणि वहीत माझ्या नावापुढे बोअर लिहून घेतला: ८.